दिवसा लागणारा दिवा

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ही माणसे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. स्वतःचे शौचालय, वेगळे स्वयंपाकघर, वयात आलेल्या मुलीला दार लावून बसता येईल अशी खोली. हे मिळायला फार उशीर झाला, एवढेच त्याबद्दल म्हणता येईल. नायगावचे आणि ना. म. जोशी मार्गावरचे लोक त्याच वाटेवर आहेत. गिरगावात, लालबागला, परळला जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या जागी एकामागून एक मनोरे उठत आहेत. या सगळ्यात क्षेत्रफळ, कॉर्पस, संक्रमण काळातले भाडे, पार्किंग यांवरून मध्यरात्रीपर्यंत सभा चालतात. नव्या घराला वीज किती लागेल, हे मात्र कोणी विचारत नाही. ते विचारायला हवे, आणि घर बांधणाऱ्याला विचारायला हवे. कारण घरातली वीज माणसांच्या सवयींपेक्षा घराच्या बांधणीवर जास्त अवलंबून असते. आणि मध्य मुंबईची पुढच्या पन्नास-साठ वर्षांची बांधणी आत्ताच ठरते आहे.

आधी हिशेब मांडू. चाळीतल्या एका खोलीत साधारण काय असते? छताचा एक पंखा, ७५ वॉटचा. तो रोज १४ तास फिरला तर महिन्याला ३१-३२ युनिट. दोन एलईडी पट्ट्या संध्याकाळी सहा तास, ७ युनिट. एका दाराचा फ्रिज, १५ ते १८ युनिट. टीव्ही ८ युनिट. मिक्सर, इस्त्री, मोबाइलचे चार्जर मिळून आणखी आठेक. बेरीज सत्तरच्या आसपास, म्हणजे शंभर युनिटांच्या पहिल्या टप्प्याच्या आतच. आंघोळीचे पाणी गॅसवर तापते, मोरीत बादली भरून आंघोळ होते. गॅलरीतला किंवा जिन्यातला दिवा चाळ कमिटीचा.

आता तेच कुटुंब, तीच माणसे, नव्या घरात. पंखे तीन झाले. सगळे मिळून दिवसाला २४ तास फिरले, तर ५४ युनिट. दिवे पाच-सहा, ११ युनिट. थोडा मोठा फ्रिज, २० युनिट. टीव्ही, वॉशिंग मशीन, मिक्सर, इस्त्री मिळून पंचवीसेक. इथेच ११० होतात. बाथरूममध्ये गिझरचा पॉइंट दिलेला आहे, तेव्हा गिझर येणारच. १५ लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी कमी वीज लागते. चार जणांच्या आंघोळीचे महिन्याला पन्नासच्या वर. आणि एप्रिल-मेमध्ये रात्री एसी लागला तर? दीड टनाच्या पाच तारे असलेल्या एसीच्या लेबलवर वर्षाच्या १६०० तासांसाठी साधारण ७५० ते ८०० युनिट लिहिलेली असतात, म्हणजे तासाला अर्धे युनिट. आठ तासांच्या रात्रीला चार, महिन्याला १२०. सत्तरचे बिल थंडीत दीडशेच्या पुढे आणि उन्हाळ्यात सव्वादोनशेच्या पुढे गेले. या कुटुंबात कोणीही उधळपट्टी केलेली नाही. आई अजूनही खोलीतून बाहेर पडताना पंख्याचे बटण बंद करते.

या आकड्यांत सोसायटीचा कॉमन मीटर धरलेलाच नाही. वरळीचे पुनर्वसनाचे मनोरे चाळीस मजल्यांचे आहेत. माणशी १३५ लिटर पाणी धरले तर पाच जणांच्या घराला दिवसाला ६७५ लिटर लागते. ते सरासरी ६० मीटर वर चढवायचे, तर पंपातली गळती धरून रोज पाव युनिटाच्या जवळपास वीज जाते. घरामागे महिन्याला सहा-सात युनिट, केवळ पाणी वर न्यायला. त्याखेरीज लिफ्ट, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे, सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, आगीचे पंप. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज काही तास गेली तेव्हा लोकल थांबल्या. पण तीन मजली चाळीतल्या म्हातारीला जिना उतरून खाली येता येत होते. तिसाव्या मजल्यावरच्या म्हातारीला वीज हाच जिना आहे.

हे सगळे मांडण्यामागे चाळ बरी होती असा सूर नाही. चाळीतल्या माणसाने अधिक वीज वापरावी, याचा मला आनंदच आहे. साठीच्या गुडघ्यांना लिफ्ट हवी, हिवाळ्यात बाळंतिणीला गरम पाणी हवे, दहावीच्या मुलाला स्वतःचा दिवा हवा. काळजी निराळी आहे. परळ-लालबागमध्ये पुनर्विकास झालेल्या अनेक इमारतींत मूळ रहिवासी काही वर्षांत घर विकून विरार, बदलापूर, डोंबिवली गाठतात, आणि कारण विचारले तर मेंटेनन्स हा शब्द हमखास येतो. त्या मेंटेनन्सच्या पोटात वीज असते. गिरणी कामगाराच्या नातवाला फुकट मिळालेले घर त्याच्या ताब्यात टिकायचे असेल, तर ते चालवण्याचा खर्च त्याच्या पगाराला पेलणारा हवा. म्हणून विजेचा प्रश्न हा मालकीचाही प्रश्न आहे.

वीज वाचवा म्हटले की आपल्याकडे उपदेश सुरू होतो. दिवे मालवा, पंखा बंद करा, फ्रिज सारखा उघडू नका. शाळेच्या भिंतीवर आणि बिलाच्या पाठीवर हेच. उपदेश खोटा नाही, पण तो चुकीच्या माणसाला केलेला आहे. युरोपातल्या देशांकडे पाहिले की हे चांगले कळते.

तिथल्या आकड्यांची तुलना करताना पहिली चूक सगळेच करतात: घरामागे एकूण वीज किती, एवढेच बघतात. नॉर्वेत बहुतेक घरे विजेवरच तापवतात, म्हणून तिथला आकडा प्रचंड दिसतो. इतरत्र तेच काम गॅस करतो. युरोपीय संघाच्या घरांत एकूण ऊर्जेचा दोन तृतीयांशाच्या जवळपासचा हिस्सा खोल्या गरम ठेवण्यात जातो. दिवे आणि उपकरणे यांचा वाटा साधारण सातवा. म्हणून तिथले सांख्यिक दिवे-उपकरणांची वीज वेगळी काढतात, पाणी तापवणे वेगळे, स्वयंपाक वेगळा, थंडावा वेगळा. असे वेगळे केल्यावरही देशादेशांत मोठे अंतर राहते. फिनलंड-स्वीडनमधले घर दिवे-उपकरणांवर रोमानियातल्या घरापेक्षा कितीतरी जास्त वीज वापरते. लांबलचक काळोखी हिवाळा, मोठी घरे, फिनलंडमध्ये घरोघरी सौना आणि अधिक यंत्रे, अशी त्याची कारणे आहेत. फिनिश माणूस उधळ्या आणि रोमानियन काटकसरी, असा निष्कर्ष तिथे कोणी काढत नाही.

आपल्याकडे बेस्टला कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या प्रत्येक मीटरचे युनिट ठाऊक आहेत. ते कशाला खर्च झाले, हे मीटर सांगत नाही. लालबागच्या एका घराच्या २२० युनिटांतले किती एसीचे, किती गिझरचे आणि किती भरदुपारी काळोख्या स्वयंपाकघरात जळणाऱ्या दिव्याचे? हे कळल्याशिवाय धोरण ठरवणे म्हणजे नाडी न बघता औषध देणे.

युरोपने दुसरी गोष्ट केली ती उत्पादकाला बांधून घेण्याची. २००९ ते २०१२ या तीन वर्षांत जुने तारेचे बल्ब टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले, २०१८ मध्ये बहुतेक हॅलोजन दिवेही गेले. बंद असल्यासारखे दिसणारे यंत्र आतून किती वीज पीत राहते यावर २०१० मध्ये एक वॉटची आणि २०१३ मध्ये अर्ध्या वॉटची मर्यादा आली. २०१७ पासून ९०० वॉटच्या वरचा व्हॅक्युम क्लीनर विकायला बंदी झाली. फ्रिज आणि वॉशिंग मशीनच्या लेबलवर अ, मग अ अधिक, मग अ तीनदा अधिक, अशी अक्षरांची गर्दी झाली, तेव्हा २०२१ मध्ये ती सगळी पुसून मोजपट्टी नव्याने कडक आखली. गृहिणीला कोणी व्याख्यान दिले नाही. तिला दुकानात वाईट वस्तू मिळेनाशी केली.

हा धडा आपणही अर्धा गिरवला आहे, आणि चांगला गिरवला आहे. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर २००२ मध्ये ऊर्जा दक्षता ब्युरो स्थापन झाला, २००६ मध्ये ताऱ्यांची लेबले आली, २०१० पासून एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजला ती सक्तीची झाली. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली आणि देशभरात छत्तीस कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. सरकारी खरेदीत जो बल्ब २०१४ च्या सुरुवातीला तीनशे रुपयांच्या वर होता, तो दोन-अडीच वर्षांत चाळीसच्या आत आला. गिरगावच्या वाड्यांतून पिवळे बल्ब आणि चोकवाल्या ट्यूब कधी गेल्या हे कोणाच्या लक्षातही आले नाही. चांगल्या धोरणाची ही खूण आहे: माणसाला काही सोसावे लागत नाही.

पंख्याचे काम मात्र अर्ध्यावरच अडकले. मुंबईच्या दमट हवेत घरातले सर्वांत महत्त्वाचे उपकरण पंखा आहे. वर्षातले अकरा महिने तो फिरतो, मे आणि ऑक्टोबरात तर क्षणभरही थांबत नाही. जुना पंखा ७५ वॉट घेतो. नवा बीएलडीसी पंखा तेवढाच वारा ३० वॉटच्या आसपास देतो. तीन पंख्यांच्या घरात, वरच्याच हिशेबाने, महिन्याला ३२ युनिट वाचतात. एवढ्या विजेवर चाळीतल्या खोलीतला जुना पंखा महिनाभर चालला असता. २०२३ पासून छतपंख्यांनाही ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले, पण एक ताऱ्याचा पंखा विकायला मोकळीक आहे आणि तो स्वस्त आहे. महिन्याच्या पगारातून घर चालवणारा माणूस हजार रुपये वाचवणार, हे उघड आहे. त्याला त्याबद्दल दोष देता येत नाही. पण पाच-पाचशे घरांची वसाहत एका झटक्यात बांधणाऱ्या यंत्रणेने हे पंखे घाऊक खरेदी करून बसवूनच दिले तर? बल्बांचा भाव असाच खाली आला होता. बीडीडीच्या तीन वसाहतींतली घरे हजारोंनी मोजायची आहेत. एवढ्या खरेदीपुढे कोणताही कारखानदार भाव उतरवतो.

इथवर उपकरणांचे झाले. यापुढचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी मागे जावे लागेल.

मुंबईत वीज आली ती प्रथम कामगाराच्या घरात आली नाही, त्याच्या गिरणीत आली. आधी उजेड मावळला की गिरणी सुटत असे. विजेचे दिवे लागल्यावर मालकांना रात्र उरली नाही. कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. १९०५ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांचे काम बारा तासांवर आणले. त्याच १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी उभी राहिली, म्हणजे आजची बेस्ट. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि सह्याद्रीवर पडणारा पाऊस परळच्या मागांना फिरवू लागला. पुढच्या टप्प्यासाठी मुळशीला धरण बांधायचे ठरले, तेव्हा मावळातल्या शेतकऱ्यांनी आपली भातखाचरे बुडू नयेत म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला. ते हरले. खाचरे पाण्याखाली गेली आणि मुंबईत दिवे लागले.

मुंबईच्या घरातल्या प्रत्येक युनिटामागे कोणाची तरी अशी जमीन किंवा असा श्वास आहे. मुळशीनंतर ट्रॉम्बेचा कोळसा आला. त्याची हवा चेंबूर-माहुलची माणसे घेतात. वीज वापरताना लाज वाटावी म्हणून हे लिहीत नाही. पण जी वीज खिडकी नीट ठेवली असती तर लागलीच नसती, ती वापरायला लावणे हा अन्याय आहे, घरातल्या माणसावर आणि माहुलच्या माणसावरही.

आता खिडकीकडे येतो. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली. काळोख्या, कोंदट खोल्यांत माणसे किडामुंगीसारखी मेली. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, आणि त्या ट्रस्टने घरबांधणीसाठी एक साधा भूमितीचा नियम धरला: इमारतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली तर तिचा जमिनीशी कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त असू नये. सोप्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी. म्हणजे तळमजल्याच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा दिसेल. ट्रस्टचे अधिकारी जे. पी. ऑर या नियमासाठी हट्टाने भांडले. दादर-माटुंग्याची आखणी याच विचाराच्या काळातली. हिंदू कॉलनीतल्या जुन्या तीन मजली इमारतीत आजही दुपारी चार वाजता दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येते, याचे श्रेय त्या रेघेला आहे.

सगळी जुनी बांधणी चांगली होती असे नाही. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात सरकारनेच बांधल्या, पण त्यांच्या मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या, मजल्याला वीस. त्या बोळात भरदिवसा दिवा लागतो. खोलीत वारा एका बाजूने येतो आणि दुसरीकडून जायला वाट नसते. उलट गिरगावातल्या गॅलरीच्या चाळीत खोलीला पुढे गॅलरी, मागे खिडकी, वर बारा फुटांवर छत. समुद्रावरून आलेला वारा खोलीतून आरपार जातो. गॅलरीवरचे छप्पर उन्हाला भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही. तिथे मे महिन्यातही एक पंखा पुरायचा, तो त्या बांधणीमुळे. बीडीडीतला माणूस आणि गिरगावातला माणूस दोघेही काटकसरीच. दोघांच्या खोलीचा उकाडा मात्र वेगळा.

नव्या पुनर्विकासात ही रेघ पुसली गेली आहे. उपकरप्राप्त इमारतींसाठी आणि समूह पुनर्विकासासाठी चटईक्षेत्र वाढवून दिले जाते आणि ते बसावे म्हणून मोकळ्या जागेच्या अटींत सवलत मिळते. १२० मीटर उंच मनोऱ्याला जुन्या नियमाने ६० मीटर जागा सोडावी लागली असती. तेवढी आज कोणी सोडणार नाही, हे मलाही कळते. पण साठ आणि सहा यांच्या मध्ये पुष्कळ आकडे आहेत. पुनर्वसनाच्या इमारतीचे दहाव्या मजल्याखालचे स्वयंपाकघर पाहा. खिडकी एका अरुंद उभ्या पोकळीत उघडते. त्या पोकळीत ड्रेनेजचे पाइप आणि समोरच्या घराच्या एसीचे बाहेरचे यंत्र, गरम हवा फेकणारे. सकाळी अकराला पोळ्या लाटताना दिवा लावावा लागतो आणि धूर जायला एक्झॉस्ट फॅन. दिवसाचे तीन-चार तास, वर्षाचे ३६५ दिवस, इमारत उभी आहे तोवर. या दिव्याचे बटण कोणी बंद करायचे?

खिडकीच्या मापाबद्दल आपल्याकडे नियमच नाही असेही नाही. ऊर्जा दक्षता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेच्या शहरासाठी ती म्हणते, घराच्या कार्पेट क्षेत्राच्या किमान सहावा हिस्सा उघडता येणारी खिडकी-दारे हवीत. थंड प्रदेशाला जे प्रमाण दिले आहे त्याच्या हे दुप्पट. ५०० चौरस फुटांच्या घरात ८३ चौरस फूट. यातला उघडता येणारी हा शब्द महत्त्वाचा. बिल्डर सर्रास बसवतो ती अॅल्युमिनियमची सरकती खिडकी. तिची एक काच दुसरीच्या मागे जाते, म्हणजे निम्मी कायम बंद. पाच फूट बाय चार फुटांच्या खिडकीतून दहा चौरस फूटच हवा येते. गिरगावच्या चाळीतल्या लाकडी खिडकीची दोन्ही झडपे भिंतीला टेकायची. त्याच संहितेत भिंती-काचांतून आत येणाऱ्या उष्णतेवरही मर्यादा आहे. पण ही संहिता राज्याने आणि पालिकेने बांधकाम नियमांत घेतली तरच तिला दात येतात.

युरोपकडून घ्यायचा मोठा धडा इथे आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर डेन्मार्क, स्वीडन यांनी घर तापवायची यंत्रे सुधारण्यावर न थांबता भिंती, छप्पर आणि काचा यांचे नियम कडक केले. पुढे घर विकताना किंवा भाड्याने देताना त्याचे ऊर्जा प्रमाणपत्र दाखवणे युरोपीय संघाने सक्तीचे केले. त्यांच्या घरातला सर्वांत मोठा खर्च तापवण्याचा, म्हणून त्यांनी भिंतीवर लक्ष दिले. आपल्या घरातला उद्याचा सर्वांत मोठा खर्च थंडाव्याचा असणार. आपण मात्र भिंत आणि खिडकी बिल्डरवर सोडून एसी २४ अंशांवर ठेवा म्हणून सांगतो. २०२० पासून नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्या खोलीत वारा आला असता तिथे सहा महिने एसी लावायची गरजच पडली नसती, हा हिशेब कुठेच धरला जात नाही. मुळात इमारत बांधणारा तिचे बिल भरत नाही आणि बिल भरणाऱ्याला नकाशा दाखवतात तो सही करताना.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की लोकांनाच एसी हवा असतो, ती प्रतिष्ठेची वस्तू झाली आहे. असेल. पण एसी घेणाऱ्यांत प्रतिष्ठेसाठी घेणारे किती आणि झोप यावी म्हणून घेणारे किती? शिवडीचा चालक किंवा केईएममधली परिचारिका रात्रपाळी करून दिवसा झोपते. तिला थंड खोली हवी असेल तर त्यात मिरवणे नाही. प्रश्न एसी हवा की नको हा नाहीच. तो वर्षात चाळीस रात्री लागतो की दोनशे, याचा आहे, आणि ते खिडकी ठरवते.

दुसरा आक्षेप सौर ऊर्जेचा: छतावर पॅनेल लावू, प्रश्न मिटला. चार मजली इमारतीत हे बऱ्याच अंशी खरे ठरते. मनोऱ्यात गणित बसत नाही. समजा, छतावर पाण्याच्या टाक्या आणि लिफ्टची खोली वगळून ५० किलोवॉटची पॅनेल बसली. किलोवॉटामागे दिवसाला चार युनिट धरली तर महिन्याला ६००० युनिट होतात. मनोऱ्यात ३२० घरे असतील तर घरामागे एकोणीस. लिफ्ट-पंपाच्या बिलाला त्याने हातभार लागेल आणि तो घ्यावाच. पण वाईट खिडकीची भरपाई त्यातून होणार नाही.

दरांच्या टप्प्यांबद्दलही बोलले पाहिजे. शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत त्याहून पुष्कळ चढा, मग पाचशेपर्यंत, मग त्यावर. हेतू चांगला: कमी वापरणाऱ्याला स्वस्त. पण मीटर घरातली माणसे मोजत नाही. लालबागच्या खोलीत तीन पिढ्यांची आठ माणसे एका मीटरवर राहतात आणि शंभरी ओलांडतात. नरिमन पॉइंटला एकटा राहणारा गृहस्थ, दिवसभर बाहेर असल्याने, स्वस्त टप्प्यात बसू शकतो. दोन घरे जोडून राहणाऱ्याने दोन मीटर तसेच ठेवले तर त्याचा वापर कागदावर निम्मा होतो. टप्पे काढून टाका असे मी म्हणणार नाही, गरिबाला आज तेवढाच आधार आहे. फक्त या टप्प्यांनी वीज वाचते असा समज नको. अडचणीत येते ते मोठे कुटुंब, आणि चाळीतून मनोऱ्यात गेल्यावर पहिल्याच वर्षी वरच्या टप्प्यात जाणारे कुटुंब तेच असते.

मग सभेत काय मागायचे? करारनाम्यात कार्पेट क्षेत्र लिहितात तसे प्रत्येक घराचे उघडता येणारे खिडकीक्षेत्र चौरस फुटांत लिहून घ्यावे. सरकत्या खिडकीऐवजी पूर्ण उघडणारी झडपेची खिडकी आणि तिच्यावर दोन फुटांचा सज्जा मागावा. पावसाळ्यातही खिडकी उघडी राहायची असेल तर सज्ज्याला पर्याय नाही. स्वयंपाकघर पोकळीत उघडत असेल तर त्या पोकळीची रुंदी विचारावी आणि तळच्या मजल्यावर दुपारी उजेड किती पोहोचतो याचा वास्तुविशारदाकडून लेखी हिशेब घ्यावा. आज संगणकावर हे तासाभराचे काम आहे. पंखे बीएलडीसी, लिफ्ट उतरताना वीज परत देणारी, पंप योग्य क्षमतेचे, आणि कॉमन मीटरच्या पहिल्या वर्षाच्या बिलाचा अंदाज सहीच्या आधी. विक्रीच्या मनोऱ्याला मोकळी, समुद्राकडची बाजू आणि पुनर्वसनाच्या इमारतीला पोकळीकडची बाजू अशी वाटणी नकाशात दिसली तर तिथेच हरकत घ्यावी. बाल्कनीचा आकार, फरशीचा ब्रँड यांवर वाद घालणाऱ्या सभेला हे अवघड नाही.

आणि बेस्टने व म्हाडाने मिळून एक काम करावे, त्याला खर्चही फारसा नाही. बीडीडीतल्या ज्या कुटुंबांनी ताबा घेतला त्यांचे जुन्या खोलीतले मीटरवाचन बेस्टकडे आहेच. नव्या घराचेही असेल. कुटुंबांची नावे वगळून दोन्ही शेजारी मांडावीत, मजल्याप्रमाणे आणि दिशेप्रमाणे. पाचव्या मजल्यावरचे पोकळीकडचे घर आणि पस्तिसाव्या मजल्यावरचे पश्चिमेचे घर यांच्यात किती फरक पडतो, हे एका वर्षात कळेल. तेवढी माहिती नायगावच्या उरलेल्या इमारतींच्या नकाशांना उपयोगी पडेल. शिवडीच्या बारा बीडीडी चाळी तर पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने सुरुवातीला या प्रकल्पात आल्याच नाहीत. त्यांचे नकाशे काढताना ही माहिती टेबलावर असेल, तर तिथल्या खिडक्या मापूनच ठरवता येतील.